लोह ऑक्साईडचे नवे चुंबकीय पदार्थ कसे घडवावेत

लोह आणि ऑक्सिजन या दोनच मूलद्रव्यांपासून काळी, तपकिरी आणि तांबडी अशा तीन रंगांच्या भुकट्या मिळतात. त्यांतली एखादी चुंबकाकडे झेपावते, तर दुसरी जागची हलतही नाही. म्हणून 'लोह ऑक्साईडचा चुंबकीय पदार्थ बनवायचा आहे' एवढेच म्हणून कामाला लागणाऱ्याने खरे तर अजून काहीच ठरवलेले नसते. या क्षेत्रातली बहुतेक रासायनिक सूत्रे जुनी आहेत. नवेपणा सापडतो तो कणाच्या आकारमानात, त्यातील ऑक्सिजनच्या हिशेबात, स्फटिकातील कोणती जागा कोणत्या धातूने घेतली यात, आणि कणावर चढवलेल्या लेपात. पुढील मार्गदर्शन याच क्रमाने जाते. प्रयोगशाळेत रसायने हाताळण्याचा प्राथमिक सराव वाचकाला आहे, असे त्यात गृहीत धरले आहे.

आधी कुळाची ओळख

मॅग्नेटाइट हा या कुळातला सर्वांत परिचित सदस्य. त्यात लोहाच्या तीन अणूंमागे ऑक्सिजनचे चार अणू असतात आणि लोहाच्या तीन अणूंपैकी एक फेरस, तर दोन फेरिक अवस्थेत असतात. त्याची स्फटिकरचना व्यस्त स्पिनेल या प्रकारची आहे. काही लोह आयन चार ऑक्सिजनांनी वेढलेल्या चतुष्फलकीय जागांवर बसतात, काही सहा ऑक्सिजनांनी वेढलेल्या अष्टफलकीय जागांवर बसतात, आणि या दोन गटांचे चुंबकीय आघूर्ण एकमेकांच्या विरुद्ध दिशेला असते. दोन्ही गट समान नसल्यामुळे वजाबाकीनंतर काहीतरी उरते, आणि जे उरते तेच आपल्याला चुंबकत्व म्हणून जाणवते. या वर्तनाचा, म्हणजे फेरीचुंबकत्वाचा, सिद्धांत लुई नील यांनी १९४८ मध्ये मांडला. ही वजाबाकी नीट लक्षात ठेवावी, कारण पुढे धातूंची अदलाबदल करताना सारा खेळ तिच्यावरच चालतो.

मॅग्नेटाइटचे ऑक्सिडीकरण झाले की सगळे लोह फेरिक होते, विद्युतभाराचा मेळ राखण्यासाठी काही अष्टफलकीय जागा रिकाम्या पडतात, आणि तपकिरी रंगाचा मॅगहेमाइट तयार होतो. तोही चांगलाच चुंबकीय असतो. ठोकळ स्वरूपातील मॅग्नेटाइटचे संपृक्त चुंबकन, म्हणजे क्षेत्र कितीही वाढवले तरी ज्याच्या पुढे चुंबकन जात नाही ती मर्यादा, खोलीच्या तापमानाला सुमारे ९२ ईएमयू (चुंबकनाचे एकक) प्रति ग्रॅम असते, तर मॅगहेमाइटचे सुमारे ७५. मॅगहेमाइट आणखी तापवला तर तो तांबड्या हेमाटाइटमध्ये बदलतो, आणि हेमाटाइटचे चुंबकत्व इतके क्षीण असते की बहुतेक उपयोगांच्या दृष्टीने त्याला अपघातच समजावे. चौथा सदस्य म्हणजे एप्सिलॉन अवस्थेतील फेरिक ऑक्साईड. तो दुर्मीळ आणि बनवायला कठीण आहे, पण त्याच्यामुळेच हे जुने कुळ पुन्हा चर्चेत आले. त्याच्याकडे आपण पुढे वळू.

याखेरीज लोह ऑक्साईडमध्ये इतर धातू मिसळून बनणाऱ्या फेराइटांचा मोठा परिवार आहे. योगोरो काटो आणि ताकेशी ताकेई यांनी १९३० मध्ये तोक्यो तंत्रज्ञान संस्थेत फेराइटांवर केलेल्या कामातून या उद्योगाचा पाया घातला गेला, आणि ते काम बाजारात आणण्यासाठी १९३५ मध्ये टीडीके ही कंपनी स्थापन झाली. आजही विजेवर फिरणाऱ्या बहुसंख्य साध्या मोटर आणि ध्वनिक्षेपक बेरियम किंवा स्ट्रॉन्शियम फेराइटच्या चुंबकांवर चालतात.

उपयोगाकडून मागे यावे

पदार्थ आधी बनवावा आणि मग त्याला उपयोग शोधावा, ही पद्धत वेळ खाते. त्याऐवजी उपयोगाला चुंबकन वक्राचा, म्हणजे क्षेत्र बदलताना चुंबकन कसे बदलते त्या आलेखाचा, कोणता आकार लागतो ते प्रथम ठरवावे. पाण्यातून कण ओढून वेगळे करायचे असतील, तर क्षेत्र असताना चुंबकन भरपूर हवे आणि क्षेत्र काढताच ते शून्यावर यायला हवे. नाहीतर कण एकमेकांना चिकटून गोळे बनवतात आणि पुन्हा पसरत नाहीत. कायम चुंबक हवा असेल, तर नेमके उलटे हवे: क्षेत्र काढल्यावरही चुंबकन टिकले पाहिजे आणि उलट्या क्षेत्राने ते सहज पुसले जाता कामा नये. उलट क्षेत्राला दिलेल्या या प्रतिकाराला कोअर्सिव्हिटी म्हणतात. उच्च वारंवारतेच्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यासाठी ही कोअर्सिव्हिटी शक्य तितकी कमी आणि विद्युत रोध शक्य तितका जास्त लागतो. मॅग्नेटाइट स्वतः बऱ्यापैकी वीजवाहक असल्यामुळे तिथे चालत नाही. मँगनीज-झिंक किंवा निकेल-झिंक फेराइट वापरावे लागते.

एकदा वक्र ठरला की कणाचे आकारमान हिशेबाने काढता येते, आणि हा हिशेब कागदावर करण्यात दहा मिनिटे घालवल्यास प्रयोगशाळेतले अनेक आठवडे वाचतात. लहान कणात संपूर्ण चुंबकन एकाच दिशेने असते. ती दिशा उलटवण्यासाठी जी ऊर्जा लागते ती कणाचे घनफळ आणि विषमदिशिकता स्थिरांक (स्फटिकाच्या काही दिशा चुंबकनाला सोप्या आणि काही अवघड असतात, त्या फरकाचे माप) यांच्या गुणाकाराइतकी असते. ही ऊर्जा औष्णिक ऊर्जेच्या सुमारे २५ पटींपेक्षा कमी असेल, तर शंभरेक सेकंदांच्या मोजमापात कणाचे चुंबकन आपोआप पुढेमागे उलटत राहते, म्हणजेच कण सुपरपॅरामॅग्नेटिक ठरतो. खोलीच्या तापमानाला औष्णिक ऊर्जेची २५ पट म्हणजे सुमारे १.०४ गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात इतके जूल. मॅग्नेटाइटचा स्थिरांक दर घनमीटरला सुमारे १३,००० जूल धरला, तर मर्यादेवरील कणाचे घनफळ सुमारे ८,००० घन नॅनोमीटर आणि व्यास सुमारे २५ नॅनोमीटर निघतो. कोबाल्ट फेराइटचा स्थिरांक सुमारे दोन लाख जूल आहे. तोच हिशेब तिथे केला तर मर्यादा जेमतेम १० नॅनोमीटरवर येते. म्हणजे १५ नॅनोमीटरचा मॅग्नेटाइट कण क्षेत्र काढताच सगळे विसरतो, आणि तेवढाच कोबाल्ट फेराइटचा कण स्मृती जपतो. प्रत्यक्षात कणाचा आकार, पृष्ठभाग आणि शेजारच्या कणांचा प्रभाव यामुळे हे आकडे थोडे सरकतात, पण काम सुरू करण्यासाठी ते पुरेसे विश्वासार्ह आहेत.

सहअवक्षेपण: दोन ग्रॅम मॅग्नेटाइटचा पाठ

फेरस आणि फेरिक क्षार एकत्र विरघळवून त्यात अल्क घालण्याची ही पद्धत रेने मसार यांच्या १९८१ मधील कामामुळे प्रसिद्ध झाली. तिला ना महाग उपकरण लागते ना सेंद्रिय द्रावक, आणि तरीही ती जितकी सोपी दिसते तितकी सोपी नाही.

दोन ग्रॅम मॅग्नेटाइट म्हणजे ८.६४ मिलिमोल. त्यासाठी सहा रेणू पाण्याचा फेरिक क्लोराईड ४.६७ ग्रॅम आणि चार रेणू पाण्याचा फेरस क्लोराईड १.७२ ग्रॅम घ्यावा. अशा रीतीने फेरिक आणि फेरस यांचे प्रमाण दोनास एक राहते. फेरिक क्लोराईड हवेतील ओलावा झपाट्याने शोषून घेतो, म्हणून बाटली उघडून रेंगाळू नये. फेरस क्लोराईडचे स्फटिक फिकट हिरवे असायला हवेत. त्यांवर पिवळट तपकिरी छटा आली असेल तर त्यातील बराच भाग आधीच फेरिक झाला आहे असे समजावे आणि नवी बाटली घ्यावी. अयशस्वी प्रयोगांचे मूळ ढवळण्यात किंवा तापमानात शोधले जाते, पण पुष्कळदा ते या जुन्या बाटलीत असते.

सुमारे १०० मिलिलिटर शुद्ध पाणी उकळून, त्यात अर्धा तास नायट्रोजन सोडत थंड करावे, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन निघून जातो. त्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन-तीन थेंब टाकून दोन्ही क्षार विरघळवावेत. आम्ल नसेल तर फेरिक क्षाराचे जलविघटन लगेच सुरू होते. द्रावण ७० ते ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे आणि नायट्रोजनचा प्रवाह शेवटपर्यंत चालू ठेवावा. ढवळण्यासाठी वरून उतरणारी, काचेची किंवा टेफ्लॉनची पाती असलेली यांत्रिक ढवळणी वापरावी. नेहमीची चुंबकीय कांडी टाकली तर तयार झालेला सगळा माल तिलाच जाऊन चिकटतो आणि भांड्यात उरते ते फक्त कोमट पाणी. ही चूक जवळजवळ प्रत्येकाच्या हातून एकदा होते.

आता २५ टक्के तीव्रतेचा अमोनिया फ्यूम हूडमध्ये, डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे घालून, एकदम ओतावा. अभिक्रियेसाठी किमान ६९ मिलिमोल अल्क लागते, म्हणजे या अमोनियाचे सव्वापाच मिलिलिटर. पण सामू १० च्या वर राहावा म्हणून १५ मिलिलिटर घ्यावे. एकदम ओतल्याने असंख्य केंद्रके एकाच क्षणी जन्मतात आणि कण लहान राहतात. थेंब थेंब घातल्यास सामू हळूहळू चढतो, वाटेत भलत्याच अवस्था तयार होतात आणि कणांचा आकार विस्कळीत होतो. द्रावण क्षणार्धात काळे झाले पाहिजे. ते गढूळ तपकिरी झाले आणि तसेच राहिले, तर फेरस आयन कमी पडले आहेत किंवा हवा आत शिरली आहे. अशा वेळी तापमान वाढवून वाट पाहण्यात अर्थ नसतो, तो घाणा बाजूला ठेवून नव्याने सुरुवात करावी. रंग बरोबर आला असेल तर अर्धा ते एक तास त्याच तापमानाला ढवळत ठेवावे.

धुण्याचे काम चुंबकानेच करावे. भांड्याच्या तळाशी जोरकस चुंबक धरला की काळा थर खाली बसतो आणि वरचे पाणी ओतून देता येते. धुण्यासाठीही ऑक्सिजन काढलेलेच पाणी घ्यावे. तिसऱ्या-चौथ्या धुण्याला एक गोष्ट घडते: कण पूर्वीसारखे पटकन बसत नाहीत, वरचे पाणी तपकिरी-काळसर राहते आणि माल हातातून निसटतोय असे वाटते. ही बिघाडाची खूण नाही. द्रावणातील क्षार निघून गेल्यामुळे कणांवरील विद्युतभार एकमेकांना दूर सारू लागले आहेत, आणि धुणे पुरेसे झाले आहे.

आता वाळवायचे की नाही, हा प्रश्न उरतो. माझे मत असे की शक्य असेल तोवर वाळवू नये. १० नॅनोमीटरच्या मॅग्नेटाइटचा पृष्ठभाग इतका मोठा असतो की ओव्हनमध्ये एक रात्र ठेवल्यावर काळ्या भुकटीला तपकिरी झाक येते, म्हणजे तिचे मॅगहेमाइटकडे स्थित्यंतर सुरू झालेले असते. मोजमापासाठी लागेल तेवढाच नमुना निर्वातात, ६० अंशांच्या आत वाळवावा आणि उरलेला माल नायट्रोजनखाली पाण्यात साठवावा. जिथे रंगातील आणि चुंबकनातील सावकाश होणारा बदल चालणारच नाही, तिथे सुरुवातीपासूनच हेतुपुरस्सर मॅगहेमाइट बनवणे शहाणपणाचे ठरते, कारण ज्याचे पूर्ण ऑक्सिडीकरण झाले आहे त्याचे आणखी ऑक्सिडीकरण होत नाही.

जिथे ही पद्धत अपुरी पडते

सहअवक्षेपणाने मिळालेल्या कणांमध्ये ६ नॅनोमीटरचे आणि १५ नॅनोमीटरचे एकत्र नांदतात. सगळे कण जवळजवळ एकाच मापाचे हवे असतील तर उष्णताविघटनाची पद्धत घ्यावी. फेरिक क्लोराईड आणि सोडियम ओलिएट यांपासून लोह ओलिएट बनवायचे, ते ऑक्टाडेसीन या उच्च उत्कलनबिंदूच्या द्रावकात ओलिक आम्लासह घ्यायचे, आणि निष्क्रिय वायूखाली सावकाश ३२० अंशांपर्यंत तापवून तिथे अर्धा तास ठेवायचे. तेघ्वान ह्यॉन यांच्या गटाने २००४ मध्ये याच मार्गाने एका खेपेत ४० ग्रॅम एकसारखे नॅनोकण मिळवून दाखवले. केंद्रके एका टप्प्यात जन्मतात आणि वाढ दुसऱ्या टप्प्यात होते, म्हणून माप एकसारखे येते. मात्र या पद्धतीचा एक छुपा दोष असा की ऑक्सिजनाच्या कमतरतेमुळे कणाच्या पोटात वुस्टाइट, म्हणजे एकास एक प्रमाणाचा लोह ऑक्साईड, अडकून राहू शकतो. तो खोलीच्या तापमानाला चुंबकनात काहीच भर घालत नाही. सुंदर, एकसारखे, पण आश्चर्यकारकरीत्या दुबळे कण हाती आले तर प्रथम याचाच संशय घ्यावा. शिवाय हे कण तेलकट असतात आणि पाण्यात वापरण्यासाठी त्यांचा लेप बदलावा लागतो.

कायम चुंबकासाठी मार्ग अगदी वेगळा, भट्टीचा आहे. स्ट्रॉन्शियम फेराइटमध्ये स्ट्रॉन्शियमच्या एका अणूमागे लोहाचे बारा अणू असतात. सूत्राप्रमाणे १०० ग्रॅम फेरिक ऑक्साईडला १५.४ ग्रॅम स्ट्रॉन्शियम कार्बोनेट लागते, पण अभिक्रिया पूर्ण व्हावी म्हणून ते थोडे जास्त, १६ ग्रॅमच्या आसपास घेण्याची पद्धत आहे. मिश्रण बॉल मिलमध्ये दळून १,२०० अंशांच्या वर भाजावे, पुन्हा ओलसर दळून कण एक मायक्रॉनच्या जवळ आणावेत, चुंबकीय क्षेत्रात दाबून वडी पाडावी आणि ती १,२०० ते १,२५० अंशांना सिंटर करावी, म्हणजे न वितळवता भाजून कण एकमेकांना जोडावेत. या क्षेत्रात दाबण्याच्या पायरीवर कंजुषी करू नये, कारण तिथेच कणांचे सोपे अक्ष, म्हणजे चुंबकन ज्या दिशेला सहज वळते त्या दिशा, एका रांगेत लागतात. दुसऱ्या भट्टीत कण वाढून मोठे झाले तर कोअर्सिव्हिटी कोसळते, म्हणून अल्प प्रमाणात सिलिका आणि कॅल्शियम कार्बोनेट मिसळून कणांच्या वाढीला आवर घालतात. असा चुंबक दर घनमीटरला ३० ते ४० किलोजूल इतका ऊर्जा गुणाकार (चुंबकाच्या ताकदीचे माप) देतो. निओडिमियमच्या चुंबकाच्या तो जवळपासही येत नाही. पण त्यात दुर्मीळ मृदा धातू नाही, तो गंजत नाही आणि स्वस्त असतो.

एप्सिलॉन अवस्थेकडे आता वळू. ती गॅमा (मॅगहेमाइट) आणि अल्फा (हेमाटाइट) अवस्थांच्या मधली अवस्था आहे, आणि साधारणतः तापवताना ती ओलांडून पदार्थ थेट हेमाटाइटकडे निघून जातो. ती पकडण्याची युक्ती अशी की लोहक्षाराचे नॅनोकण सिलिकाच्या साच्यात वेगवेगळे बंदिस्त करावेत आणि मग सुमारे १,००० अंशांना किंवा त्याहून थोडे वर भाजावे. सिलिकाच्या भिंतींमुळे कण एकमेकांना मिळून मोठे होत नाहीत, आणि लहान आकारात पृष्ठऊर्जेमुळे हीच अवस्था स्थिर ठरते. नंतर गरम सोडियम हायड्रॉक्साईडने सिलिका विरघळवून टाकावी. तोक्यो विद्यापीठातील शिनिची ओहकोशी आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले की या पदार्थाची कोअर्सिव्हिटी खोलीच्या तापमानाला सुमारे दोन टेस्ला आहे. एखाद्या साध्या धातू ऑक्साईडसाठी हा आकडा थक्क करणारा होता. त्याचे संपृक्त चुंबकन मात्र सुमारे १५ ईएमयू प्रति ग्रॅम एवढेच असल्यामुळे विजेच्या मोटरमध्ये त्याचा उपयोग नाही. त्याचे महत्त्व दोन ठिकाणी आहे: अतिशय लहान कणांत माहिती टिकवणे, आणि मिलिमीटर तरंग शोषून घेणे. शुद्ध स्वरूपात तो १८२ गिगाहर्ट्झच्या आसपास शोषण करतो आणि लोहाच्या काही जागी ॲल्युमिनियम किंवा गॅलियम घातल्यास ही वारंवारता खाली आणता येते.

अणूंची अदलाबदल

आता त्या वजाबाकीकडे परत यावे. मॅग्नेटाइटच्या एका सूत्रघटकाचे निव्वळ आघूर्ण चार बोर मॅग्नेटॉन (अणूच्या चुंबकीय आघूर्णाचे एकक) असते. झिंक स्वतः चुंबकीय नाही, म्हणून तो घातल्यास चुंबकत्व कमी होईल असे वाटते; प्रत्यक्षात थोड्या प्रमाणात घातला तर ते वाढते. झिंकला चतुष्फलकीय जागा आवडते. तो तिथे बसला की वजा होणारा गट दुबळा होतो आणि तिथून हटलेला फेरिक आयन अष्टफलकीय गटाची ताकद वाढवतो. झिंकचा भाग क्ष मानला तर सैद्धांतिक आघूर्ण चार अधिक सहा क्ष इतके यायला हवे. हा नियम सुरुवातीच्या भागातच चालतो, कारण झिंक वाढत गेला की दोन गटांना बांधून ठेवणारी अन्योन्यक्रियाच विरळ होते आणि चुंबकन पुन्हा घसरते; क्युरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर पदार्थाचे चुंबकत्व नाहीसे होते ते तापमान, तर पहिल्यापासूनच खाली येत असते. कोबाल्ट घातल्यास चुंबकनात फार वाढ होत नाही, पण विषमदिशिकता आणि तिच्यासोबत कोअर्सिव्हिटी झपाट्याने वाढते.

इथे एक सावधगिरी बाळगावी. कोणता आयन कोणत्या जागेवर बसला हे केवळ मिश्रणाच्या प्रमाणावर ठरत नाही. पदार्थ किती तापमानाला बनवला आणि किती वेगाने थंड केला यावरही ते ठरते. म्हणून एकाच प्रमाणाचे दोन घाणे वेगळे चुंबकन दाखवू शकतात, आणि थंड करण्याचा वेग नोंदवहीत लिहिला नसेल तर त्यामागचे कारण कधीच सापडत नाही.

जे बनले ते नक्की काय आहे

क्ष-किरण विवर्तनाचा आलेख संदर्भसंग्रहातील मॅग्नेटाइटच्या आलेखाशी जुळला म्हणून मॅग्नेटाइट बनला, असे म्हणणे ही या क्षेत्रातील सर्वांत सर्रास आढळणारी चूक आहे. मॅग्नेटाइट आणि मॅगहेमाइट यांच्या रचना जवळजवळ एकच आहेत. एकाच्या एकक कोशिकेची बाजू ८.३९६ अँगस्ट्रॉम, तर दुसऱ्याची सुमारे ८.३४६. तांब्याच्या क्ष-किरणांनी पाहिल्यास मॅग्नेटाइटचे एक शिखर ६२.५ अंशांजवळ आणि मॅगहेमाइटचे तेच शिखर ६२.९ अंशांजवळ येते. नॅनोकणांची शिखरे मुळातच रुंद असल्यामुळे हा फरक त्यांत बुडून जातो. म्हणून दुसरा पुरावा हवाच. लोहाच्या अणुकेंद्रांनी शोषलेल्या गॅमा किरणांवरून लोहाची अवस्था ओळखणारी मोसबावर वर्णपटमापी उपलब्ध असेल तर तिच्याइतका निर्णायक पुरावा दुसरा नाही. नमुन्यावरून विखुरलेला लेसरचा प्रकाश तपासणारी रामन पद्धत सोयीची आहे, पण लेसरची शक्ती जास्त ठेवली तर नमुना तिथल्या तिथे भाजून हेमाटाइट होतो आणि मग आपण स्वतःच बनवलेली अशुद्धी मोजत बसतो. काहीच उपकरण नसेल तर नमुना निष्क्रिय वायूखाली आम्लात विरघळवून फेरस आयनांचे अनुमापन करावे. फेरस आणि फेरिक यांचे गुणोत्तर अर्ध्याच्या जितके खाली, तितके ऑक्सिडीकरण जास्त झालेले. ठोकळ किंवा मोठ्या कणांच्या मॅग्नेटाइटमध्ये १२० केल्विनजवळ चुंबकनात दिसणारे व्हेरवे संक्रमण हीदेखील शुद्धतेची चांगली साक्ष असते, पण फार लहान कणांत ते पुसट होते.

चुंबकन मोजताना तीन गोष्टी सांभाळाव्यात. पोलादी चमच्याने नमुना काढू नये, कारण त्याचा एक सूक्ष्म कीसही काही मिलिग्रॅमच्या मोजमापाला बिघडवतो. प्लास्टिकचा चमचा वापरावा. लेप असलेल्या कणांचे वजन औष्णिक भारमापनाने, म्हणजे तापवताना घटणारे वजन मोजून, दुरुस्त करावे, नाहीतर लेपाचे वजन लोह ऑक्साईडच्या खात्यावर चढते. आणि अतिवाहक चुंबक असलेल्या उपकरणात क्षेत्र शून्य दाखवले तरी थोडे अवशिष्ट क्षेत्र उरते. त्यामुळे काही ओर्स्टेडची (चुंबकीय क्षेत्राचे एकक) कोअर्सिव्हिटी पाहून कण सुपरपॅरामॅग्नेटिक नाहीत असा निष्कर्ष काढण्याआधी प्रमाण नमुन्याने उपकरण तपासावे. नॅनोकणांचे चुंबकन ५० ते ७० ईएमयू प्रति ग्रॅम आले तर निराश होऊ नये, कारण पृष्ठभागावरील आयनांचे आघूर्ण वाकडे झालेले असते. शुद्ध मॅग्नेटाइटचा आकडा ९२ च्या वर आला तर मात्र आनंद करण्याआधी तराजू तपासावा.

लेप आणि उपयोग

नागडे कण फार काळ कामाचे राहत नाहीत. पाण्यासाठी सायट्रिक आम्ल हा सर्वांत सोपा लेप: धुतलेल्या कणांत त्याचे द्रावण घालून ८० अंशांना तासभर ढवळले की कण उदासीन सामूलाही तरंगत राहतात. तेलासाठी ओलिक आम्ल घ्यावे. आम्लात टिकाव हवा असेल किंवा पुढे एखादे प्रथिन जोडायचे असेल तर टेट्राएथिल ऑर्थोसिलिकेट वापरून सिलिकाचे कवच चढवावे. मात्र कवच जितके जाड, तितके दर ग्रॅममागचे चुंबकन कमी.

ओलिक आम्लाचा लेप हीच चुंबकीय द्रवाची गुरुकिल्ली आहे. १९६३ मध्ये नासाच्या स्टीफन पॅपेल यांनी वजनरहित अवस्थेत इंधन खेचून घेता यावे म्हणून ओलिक आम्लासह दळलेला मॅग्नेटाइट केरोसीनसारख्या द्रवात विखुरला होता. तो उपयोग प्रत्यक्षात आला नाही, पण असेच द्रव आज फिरत्या अक्षांच्या हवाबंद सीलमध्ये आणि ध्वनिक्षेपकांच्या गुंडाळ्या थंड ठेवण्यासाठी वापरले जातात.

वैद्यकातील उपयोगांबद्दल उत्साह मोठा आहे, आणि संयमाची गरजही तितकीच. फेरुमॉक्सिटॉल या लेपित लोह ऑक्साईडला अमेरिकेत २००९ मध्ये मान्यता मिळाली ती रक्तक्षयावरील औषध म्हणून; चुंबकीय प्रतिमांकनातील (एमआरआय) त्याचा वापर नंतरचा. प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्रात कण तापवून गाठीवर उपचार करण्याच्या पद्धतीला, मेंदूतील ग्लायोब्लास्टोमासाठी, २०१० मध्ये युरोपात मान्यता मिळाली. अशा कामासाठी कण घडवणाऱ्याने क्षेत्राची तीव्रता आणि वारंवारता मनमानी वाढवून उष्णतेचे मोठे आकडे दाखवू नयेत. शरीराला सोसवेल अशी जी मर्यादा बहुधा उद्धृत होते, तिच्यात या दोहोंचा गुणाकार ४.८५ गुणिले दहाचा आठवा घात अँपिअर प्रति मीटर-सेकंद याच्या आत ठेवावा लागतो. म्हणजे १०० किलोहर्ट्झला दर मीटरला जेमतेम ४,८५० अँपिअर. त्या मर्यादेत जो कण चांगला तापतो तोच कामाचा. शरीरात जाणारा पदार्थ निर्जंतुकता, विषाक्तता आणि नियामक परवानगी यांच्या चौकटीतच घडवायचा असतो, हे वेगळे सांगायला नको.

पाणी शुद्धीकरणात या पदार्थांची बाजू अधिक सरळ आहे. लोह ऑक्साईडच्या पृष्ठभागाला आर्सेनिक घट्ट चिकटते, आणि पृष्ठभाग जितका मोठा तितके जास्त चिकटते. राइस विद्यापीठातील संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले की १२ नॅनोमीटरचे एकसारखे मॅग्नेटाइट कण आर्सेनिक धरून ठेवतात आणि अनपेक्षितरीत्या कमी क्षेत्रातही बाहेर ओढता येतात. एवढ्या लहान कणांना ओढायला प्रचंड चुंबक लागेल असा तोवरचा समज होता. अशा पदार्थाची चाचणी घेताना शुद्ध पाण्यात आर्सेनिक घालून समाधान मानू नये, कारण प्रत्यक्ष पाण्यातील फॉस्फेट आणि सिलिकेट त्याच जागांसाठी भांडतात आणि क्षमता बरीच घटते. दर वेळी कण अल्काने धुऊन पुन्हा वापरावेत, निदान पाच फेऱ्या पूर्ण कराव्यात, आणि प्रत्येक फेरीनंतर तीन आकडे नोंदवावेत: किती आर्सेनिक निघाले, किती कण चुंबकाला न सापडता पाण्यात राहिले आणि किती लोह विरघळून गेले. पाण्यात राहिलेल्या कणांचा आकडा फेरीगणिक वाढत असेल तर लेप झिजत आहे. अशा वेळी नवा घाणा बनवण्याआधी सिलिकाचे कवच किंवा कणांचे आकारमान बदलून पाहावे.